डोरीनच्या शेवटच्या दोन भूमिका

डोरीन गेल्याचं मला फोनवर कळलं. तिला तिकडे इंग्लंडात कोणी ओळखत नाही, हे मात्र इंटरनेटवर कळलं. जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकांच्या चाहत्यांची एक वेबसाइट आहे. तिथे तिच्यावर सहा ओळी आल्या. वर फोटो दुसऱ्याच बाईचा. खाली भूमिकांची यादी : शेजारीण, शेजारीण, रांगेतली बाई, नर्स क्रमांक दोन, शेजारीण, पुन्हा शेजारीण. आणि शेवटी, 'पुढे ती हॉलंडला गेली आणि तिने अभिनय सोडला.'

अभिनय सोडला म्हणे! माझं टाळकंच सरकलं. मी तिथल्या तिथे त्यांना लिहिलं, की बाबांनो, फोटो बदला, आणि यादीत आणखी दोन भूमिका घाला, त्या मी समोर बसून पाहिल्यात. चार दिवसांनी उत्तर आलं. फोटोबद्दल आभार. भूमिकांसाठी मात्र पुरावा लागेल, कुठल्या वाहिनीवर दाखवल्या ते कळवावं.

आता कुठली वाहिनी कळवू, कपाळ माझं? प्रयोग झाले इथे हॉलंडात, आल्मेरेत, आमच्या शेजारच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. प्रेक्षक तीन. एक खेमेन्तेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची बाई. दुसऱ्या माझ्या सासूबाई. तिसरी मी. खेमेन्तेची बाई गोपनीयतेच्या नियमाने तोंड उघडणार नाही. सासूबाई सांगलीला. म्हणजे पुरावा मीच. तो इथे लिहून ठेवते.

मी शुभा. एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळणारी बायको म्हणून नवरा माझी ओळख करून देतो. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे ते माझ्या अंगावर येणार आहे.

आम्ही आल्मेरेत घर घेतलं आणि वर्षभरात पक्के डच झालो. खरं तर डच लोकांपेक्षा चार अंगुळं वरच. मिलिंदचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, कॉलेजपासूनचा मित्र तीन गल्ल्या सोडून राहतो. त्याच्याकडे चहाला जायचं तर आधी ग्रुपवर मतदान, या महिन्यातला शनिवार की पुढच्या. मग कॅलेंडरचं आमंत्रण. मग आदल्या दिवशी आठवण. चहा साडेतीन ते पाच. पाच वाजले की यजमान टेबल पुसायला घेतो आणि आपण चपला घालायच्या. पुण्यात हीच माणसं एकमेकांच्या घरी दात घासत जायची! इथे आफस्प्राक, म्हणजे ठरवून घेतलेली वेळ, नसेल तर सख्ख्या भावालाही कोणी दार उघडत नाही.

अशा आमच्या घराचं मागचं, बागेकडचं दार एका शनिवारी सकाळी धाडकन उघडलं. दारात एक लख्ख पांढऱ्या केसांची, किडकिडीत बाई. हातात निळ्या काठाचा वाडगा, रिकामा. आमच्याकडे न बघता, आमच्या डोक्यावरून जरा डावीकडे बघत ती खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "मी बसायला आलेली नाही!"

आणि थांबली. तशीच, दाराच्या चौकटीवर हात ठेवून, चेहऱ्यावर अर्धवट हसू घेऊन. आम्ही दोघं हातात चहाचे कप धरून तिच्याकडे बघतोय. मिलिंदने मला मराठीत हळूच विचारलं, "हिची आफस्प्राक आहे का गं?"

मग ती आत आली, मिलिंदच्या खुर्चीवर बसली आणि दीड तासाने उठली.

मी वाडग्यात साखर घालायला गेले, तर म्हणाली, "छे गं, मला साखर वर्ज्य आहे. पण हातात काही नसलं की प्रवेश पडतो."

ही डोरीन. तेव्हाच पंचाहत्तरीच्या पुढची. वयाने आईसारखी, पण 'मिसेस अमुकतमुक' म्हटलेलं चालायचं नाही. डोरीन म्हणायचं, नाहीतर ओ देत नसे. तीस वर्षं ती मालिकांमधून शेजारीण होती. नायकाची भूमिका एकाची, नायिकेची एकीची, आणि त्या दोघांचं भांडण ऐन रंगात आलं की दार उघडून आत येणारी बाई ती डोरीन. सगळ्यात मोठी मालिका नऊ वर्षं चालली. त्यात तिला नावसुद्धा नव्हतं. दार उघडायचं, 'मी बसायला आलेली नाही' म्हणायचं, हशा घ्यायचा, आणि सगळा प्रवेश संपेपर्यंत खुर्चीला चिकटून बसायचं. तो वाडगा त्याच सेटवरून तिने शेवटच्या दिवशी पळवलेला. "पळवला नाही," ती म्हणायची, "तो माझ्याबरोबर आला. नऊ वर्षं एकत्र काम केलं होतं आम्ही."

तिच्या थांबण्याचा उलगडा मला हळूहळू झाला. त्या मालिकांचं चित्रण खऱ्या प्रेक्षकांसमोर होई. वाक्य पडलं, हशा आला, की नटाने थांबायचं. लोक हसत असताना बोललात तर पुढचं वाक्य वाया. पार हसून होईपर्यंत थांबलात तर प्रवेश थंड. हसू उतरायला लागलं की बोलायचं. हे तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की रोजच्या बोलण्यातही प्रत्येक वाक्यानंतर ती हशाला जागा सोडायची. बेकरीत पाव घेताना एक टोला हाणायची, आणि थांबायची. काउंटरवरची डच पोरगी निर्विकार चेहऱ्याने विचारायची, "कापून देऊ का?" डोरीन बाहेर येऊन मला सांगायची, "आजचा प्रेक्षक जड होता."

मग या देशात आलीस कशाला, असं मी एकदा न राहवून विचारलं. तेव्हा वीमची गोष्ट निघाली.

वीम डच. समुद्रातला गाळ उपसायच्या कामावरचा इंजिनियर. कामासाठी लंडनला गेला असताना कोणीतरी त्याला चित्रणाचा पास दिला. शाळेतलं इंग्रजी. प्रत्येक विनोद तो डोक्यात भाषांतर करून घेई, त्यामुळे सगळं सभागृह हसून गप्प झालं की मग मागच्या रांगेतून एकटाच 'हो हो हो' करून हसे. दिग्दर्शक वैतागला. डोरीनने मात्र पुढच्या वाक्याला एक श्वास जास्त घेतला, त्याच्यासाठी. त्याच्या पुढच्या वाक्यालाही. "लोकांसाठी सगळेच थांबतात," ती म्हणायची, "एका माणसासाठी मी एवढी एकदाच थांबले." पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. पुढच्या वर्षी लग्न. मग तो म्हणाला, चल, आपण समुद्राच्या तळावर राहायला जाऊ. तिला वाटलं विनोद आहे. ती थांबली. तो काही हसला नाही. ते गाव म्हणजे आल्मेरे. पाणी उपसून केलेली जमीन, आणि तेव्हा म्हणे झाडाचं पानसुद्धा नव्हतं. आम्ही यायच्या आधी दोन वर्षं वीम गेला. त्याची सायकल अजून शेडमध्ये होती. तिच्या चाकात डोरीन दर रविवारी हवा भरायची.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात सासूबाई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आफस्प्राकचं प्रकरण त्यांना काही झेपलं नाही. "शेजारी आहेत ना? मग विचारायचं काय त्यात?" म्हणत दुसऱ्याच दिवशी त्या मागच्या दाराने डोरीनकडे गेल्या. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी. मी मधल्या कुंपणावरून बघते तर दोघी बागेत बसून तासभर आपापल्या भाषेत बोलताहेत, आणि सासूबाई डोरीनच्या प्रत्येक वाक्याला अगदी बरोबर जागेवर खळखळून हसताहेत.

"आई, काय कळतंय तुम्हाला?"

"कळतंय कुठे? पण ती थांबली की हसायचं असतं, एवढं कळतं. बिचारी वाट बघते गं."

मला जे उमगायला कित्येक महिने लागले, ते यांना दुसऱ्या दिवशी.

डोरीनच्या मालिकेतलं ते वाक्य मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "यात विनोद काय आहे? आमच्या आळीत सगळ्या असंच म्हणतात. 'बसत नाही हं, गॅसवर दूध आहे,' म्हणायचं आणि दाराला टेकून तासभर बोलायचं." मी ते डोरीनला सांगितलं. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "म्हणजे नऊ वर्षं मी तुमच्या गावातल्या बाईचं काम केलं, आणि मला कोणी सांगितलं नाही!" त्या दिवसापासून ती आमच्याकडे येताना सांगलीच्या थाटात म्हणायची, "बसत नाही हं!" आणि सासूबाई म्हणायच्या, "बसा हो, दूध काही पळून जात नाही."

फक्त तो रिकामा वाडगा सासूबाईंना खटकायचा. रिकामं भांडं घेऊन आलेलं माणूस रिकामं पाठवायचं नसतं. मग वाडग्यात कधी शिरा, कधी दडपे पोहे, कधी नुसते चार बोरांएवढे बेसनाचे लाडू. डोरीनचा तो अपमानच होता म्हणा, तिच्या नाटकाच्या सामानात कोणी खाणं भरायचं! पण दुसऱ्या दिवशी वाडगा घासूनपुसून परत हजर.

आणि मग ती जिन्यावरून घसरली.

फार काही नाही, मनगट मोडलं. पण इथले जिने शिडीसारखे उभे, आणि ती एकटी. डॉक्टर म्हणाले, खेमेन्तेकडे अर्ज करा. आंघोळीला आणि साफसफाईला आठवड्यातून दोनदा बाई मिळेल, गळ्यात घालायचं धोक्याचं बटण मिळेल, मग तुम्ही या घरात बिनधास्त राहू शकाल. डोरीनला एवढंच हवं होतं, या घरात राहायला मिळावं. एरवी प्रत्येक गोष्टीवर टोला हाणणारी ती, या बाबतीत मात्र मला म्हणाली, "शुभा, मला दुसरीकडे नाही राहता येणार. इथलं कुठलं दार कुठे उघडतं ते मला माहीत आहे." आणि थांबली नाही. म्हणून ते मला लक्षात राहिलं.

अर्ज मंजूर करायच्या आधी खेमेन्तेची बाई घरी येऊन बघून जाते. त्या तपासणीला हे लोक काय म्हणतात, सांगू? 'स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या गप्पा.' तुमचं उरलेलं आयुष्य कसं जाणार ते ठरवायचं, लॅपटॉपवर चौकटीत खुणा करायच्या, आणि नाव काय, तर गप्पा! आलेल्या बाईचं नाव मार्लूस. उंच, हसरी, पायात खेळायचे बूट. कागदपत्रांना मदत म्हणून मी बसले होते. सासूबाई कोपऱ्यात, फुकटचा खेळ बघायला.

ही डोरीनची पहिली भूमिका.

ती निळा ड्रेस घालून, ओठ रंगवून, प्लास्टरवर रेशमी रुमाल बांधून बसली होती. टेबलावर फुलं, आणि तो वाडगा अगदी तिच्या हाताशी. मार्लूसने विचारलं, "जिना जमतो का?" डोरीन उठली, तरातरा वर गेली, आणि वरच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "मी खाली यायला आलेली नाही!" मार्लूस फसकन हसली. झालं! कित्येक वर्षांत पहिल्यांदा एक डच माणूस बरोबर जागेवर हसलं होतं. आता डोरीनला कोण आवरणार? आज वार कुठला? मंगळवार, आणि मंगळवारी तुमच्यासारखी माणसं आली की बुधवारी करमत नाही. औषधं कोण देतं? मीच, आणि मी फार कडक नर्स आहे, क्रमांक दोन. प्रत्येक उत्तराआधी वाडग्यात एक नजर टाकायची, मान वर करायची, आणि टोला. मार्लूस डोळे पुसत होती. सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. मीसुद्धा पोट धरून हसले. मदत मागायला बसलोय हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्जदार उत्तम स्वावलंबी आहेत. मदतीची गरज नाही. शुभेच्छा.

मी डोरीनवर उखडले. "अगं, मदत मागायची होती की नोकरी?" ती म्हणाली, "समोर प्रेक्षक आला की मला आजारी पडता येत नाही गं."

मी काही हार मानणारी नव्हे. हरकत नोंदवली, पुन्हा तपासणी मागितली, आणि ती मिळालीही. या वेळी दिग्दर्शन माझं. मी डोरीनला बजावलं, या वेळी म्हातारीचं काम करायचं. खरीखुरी, थकलेली, गोंधळलेली म्हातारी. मी प्रश्न लिहून काढले, उत्तरं लिहिली, तालमी घेतल्या. ती सुरुवातीला इतकी थरथरायची की मला सांगावं लागलं, जरा कमी, भूकंप नाहीये.

तालमीत तिने विचारलं, "या बाईला काय हवंय?"

"मदत."

"मग ती मागत का नाही?"

"लाज वाटते तिला."

डोरीनने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. "हं. ही बाई मला जमेल," म्हणाली.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी जाऊन घर लावलं, म्हणजे विस्कटलं. फुलं हलवली. ओट्यावर दोन खरकटी भांडी ठेवली. कपाटाच्या दारांवर आतून पिवळे कागद चिकटवलेले होते, बाजारहाटाच्या याद्या असतील, ते काढून कचऱ्यात टाकले. टेबलावरचा निळ्या काठाचा वाडगा फारच नीटनेटका दिसत होता, तो घाईत उचलून फडताळावर, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. "हा आज नको," मी म्हटलं. डोरीन त्या फळीकडे बघत राहिली.

ही दुसरी भूमिका. आणि काय सांगू, काय काम केलं तिने!

मार्लूसने विचारलं, "आज कुठला वार?" डोरीन थांबली. तिचा हात टेबलावरून सरकत सरकत वाडगा जिथे असायचा तिथे गेला, आणि रिकाम्या जागेवर पालथा पडून राहिला. ती थांबलीच. मी मनात म्हटलं, वा! एवढा वेळ घ्यायला छाती लागते. मग ती पडक्या आवाजात म्हणाली, "शनिवार?" होता गुरुवार. मार्लूसने विचारलं, जेवण कोण करतं? पुन्हा ती थांबली. मार्लूस म्हणाली, घरात आणखी कोणी राहतं का? तेव्हा डोरीनचा चेहरा एकदम उजळला. बागेकडच्या दाराकडे बघत ती म्हणाली, "वीम येईल इतक्यात. सायकल ठेवतोय."

हे वाक्य मी दिलेलं नव्हतं. तिने आयत्या वेळी घातलं होतं. मी गाल आतून चावून हसू दाबलं, इतकं ते बेमालूम होतं. मार्लूस या वेळी हसली नाही. हळूच लॅपटॉप मिटून, डोरीनच्या खांद्याला हात लावून गेली.

दार बंद झालं आणि मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. "डोरीन! कमाल केलीस तू!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग घाईघाईने उठत म्हणाली, "ती बाई कधी यायची आहे? मला अजून कपडे बदलायचेत."

आणि मी हसले. मोठ्याने हसले. ती थांबली होती ना, मग हसायचं असतं.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा वाडगा काढत होत्या. डोरीनसाठी डब्यात शिरा आणला होता, तो त्या वाडग्यात घालायला. वाडगा खाली घेऊन त्यात पाहत त्या म्हणाल्या, "यात काय आहे बघ गं. मला इंग्रजी वाचता येत नाही."

आत एक पिवळा कागद होता. डोरीनच्या टपोऱ्या अक्षरात, आदल्या रात्री किंवा त्या पहाटे लिहिलेला :

'आज गुरुवार. बाईचं नाव मार्लूस. निळ्या गोळ्या सकाळी. शेजारीण शुभा, तिची सासू शिरा आणते. वीम गेला.'

खाली पुन्हा एकदा, रेघ मारून, 'वीम गेला.'

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने कधीतरी गप्पांत सांगितलं होतं, की जुने नट पाठांतर सुटायला लागलं की सेटवरच्या भांड्यांत, फुलदाण्यांत संवादाच्या चिठ्ठ्या लपवतात. मी ते ऐकून हसले होते. आणि आता मीच, माझ्या हाताने, तिचे सगळे संवाद कचऱ्यात टाकून तिला लोकांसमोर उभं केलं होतं.

"ती आज नाटक करत नव्हती," सासूबाई म्हणाल्या. "नाटक तिने मागच्या वेळी केलं."

डोरीन आतल्या खोलीत कपडे बदलत होती आणि गुणगुणत होती. आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात उभ्या होतो. सासूबाईंनी वाडग्यात शिरा भरला, वर बशी झाकली, आणि पदराने डोळे पुसले. मी तेवढंसुद्धा केलं नाही. लाज वाटत होती.

त्या रात्री मिलिंद म्हणाला, मार्लूसला फोन करून सांग की हे सगळं बसवलेलं होतं, नाहीतर तिला आता एकटीला राहू देणार नाहीत, संस्थेत पाठवतील. म्हणजे निदान पहिलं पत्र तरी कायम राहील, डोरीनला घरात राहता येईल. मी रात्रभर विचार केला. ती गॅस उघडा ठेवेल, वीमला शोधत हिवाळ्यात बाहेर जाईल, हे डोळ्यांपुढे येत होतं. आणि तिचं ते वाक्यही, कुठलं दार कुठे उघडतं. सकाळी मी फोन केला. म्हटलं, मला कबुली द्यायची आहे. मी तिच्याकडून तालमी करून घेतल्या होत्या.

मार्लूस म्हणाली, "मला माहीत आहे. ती बोलायच्या आधी तुझे ओठ हलत होते." डच माणूस आहे, गोड करून सांगायची पद्धत नाही. "पण तू शिकवलेलं एकही वाक्य ती बोलली नाही. हे तुझ्या लक्षात आलं नाही का?"

चुका शोधायचा पगार घेते मी.

पुढे दवाखाना झाला, चाचण्या झाल्या, आणि शरद ऋतूत डोरीन गावाच्या टोकाच्या एका संस्थेत गेली. घर रिकामं करायला मीच गेले. सायकल कोणीतरी नेली. वाडगा मी आणला.

ती संस्था म्हणजे अजबच प्रकार. स्मृती हरवलेल्या माणसांना घरी असल्यासारखं वाटावं म्हणून व्हरांड्याच्या भिंतीवर दुकानांची चित्रं, आणि बागेत एक बसथांबा, बाकासकट, वेळापत्रकासकट. तिथे बस कधीच येत नाही. घरी जातो म्हणून हट्ट करणारी माणसं तिथे जाऊन बसतात, मग थोड्या वेळाने नर्स त्यांना चहाला बोलावते. मला ते पाहून गलबलून आलं. डोरीनने मात्र पहिल्याच दिवशी सगळीकडे फिरून शेरा मारला, "सेट स्वस्तातला आहे. दुकानाच्या दाराला मूठसुद्धा नाही." आणि थांबली. मी या वेळी काय करावं ते मला कळेना. मग हसले. तिला बरं वाटलं.

तिथेही भेटीला आफस्प्राक घ्यावी लागे. मी ती कधी घेतली नाही. मागच्या दाराने जायचे. नर्स कुरकुर करायच्या, मी ऐकायचे नाही. एवढं एक काम तरी मी डोरीनच्या शिकवणीने केलं.

हिवाळा संपता संपता शेवटची भेट झाली. डोरीन खिडकीपाशी खुर्चीत होती, खूप बारीक झालेली. मी दार उघडून आत गेले आणि म्हटलं, "डोरीन, मी शुभा."

तिने मला ओळखलं नाही. नखशिखान्त निरखलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "हातात काही नाही. प्रवेश पडला. बाहेर जा, पुन्हा ये."

वाडगा माझ्या पिशवीत होता. सासूबाईंनी फोनवर बजावून माझ्याकडून शिरा करवून घेतला होता. मी व्हरांड्यात गेले, चित्रातल्या दुकानापाशी उभी राहिले, पिशवीतून वाडगा काढला. मग दार धाडकन उघडलं, चौकटीवर हात ठेवला, तिच्या डोक्यावरून जरा डावीकडे पाहिलं, आणि सांगलीच्या थाटात म्हटलं, "बसत नाही हं!"

आणि थांबले. तिने शिकवलं होतं तशी. व्हरांड्यात कोणाची तरी ट्रॉली गेली. तिच्या चेहऱ्यावर काही नाही. मी आणखी एक श्वास थांबले. मग आणखी एक. ती अजून माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं की आता हे सोडावं, पुढे व्हावं, तिच्या पायाशी बसावं.

तेव्हा ती हसली. उशिरा, एकटीच, मागच्या रांगेतून कोणी हसावं तशी, 'हो हो हो' करून.

मग तिने शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला. मी बसले.